न चालवता वाचणाऱ्या आपा

आपा कधीच प्रोग्राम आधी चालवून पाहत नसत. तो कागदावर छापून घ्यायच्या, चपला काढून खुर्चीतच मांडी घालायच्या आणि वाचायला लागायच्या. चंद्रपुरातल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात बाकी सगळे बटण दाबून मोकळे. आपा मात्र प्रोग्रामातल्या कुठल्या फंक्शनला, म्हणजे कुठल्या तुकड्याला, काय हवं आणि त्याच्या पदरात काय पडतंय, हे पेनानं जुळवत बसत.

त्यांचे वडील भद्रावतीचे शिंपी. "कापड कापल्यावर माप घेत नाईत," हे आपांचं ठरलेलं उत्तर. आमचे मालक, म्हणजे भाऊ, त्यांच्या संथपणावर सारखे करवादायचे आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच डब्यातल्या खिम्यावर ताव मारायचे.

गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यासाठी आम्ही पीएचपी या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम केला होता. पोराचं वजन लिहिलं की तापाचं औषध किती द्यायचं ते तो सांगे. चाचणीत झकास चालला. भाऊंनी जीप दारात आणली आणि नेमका तेव्हाच आपांनी कागदावर लाल गोल काढला. हिशेबाच्या फंक्शनला हवा होता आकडा, आम्ही देत होतो मजकूर. इंग्रजी अंक असले तर पीएचपी समजून घेतं. पण तिथल्या सिस्टर मराठीत लिहिणार. "१२" हे त्या काळच्या पीएचपीला शून्य, आणि तेही कुठं कुरकुर न करता. शून्य वजनाला यादीतला सगळ्यात खालचा गट लागून बारा किलोच्या पोराला तान्ह्या बाळाएवढं औषध मिळणार होतं.

भाऊ वैतागले. "समोर 'इंट' हा शब्द लावा न, मजकुराचा आकडाच होते थो. काऊन अडवून राह्यल्या?"

"त्यानं कागदावर बरं दिसंन, भाऊ. 'इंट'लाबी मराठी अंक वाचता येत नाई, वजन शून्यच राहीन."

त्या दिवशी जीप गेली नाही. आपांनी मराठी अंक ओळखायची सोय केली, कागद पुन्हा वाचला, मगच प्रोग्राम सोडला. भाऊ दवाखान्यातून परतले. सिस्टरनं खरंच मराठीत लिहिलं, एवढंच म्हणाले.

"वजन किती आलं?" आपांनी विचारलं.

"बारा."

आपा हसल्या, आणि मग ओढणीनं डोळे पुसत बसल्या.

पुढे लग्न होऊन त्या हैदराबादला गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. आता ही तपासणी यंत्रच करतं, मजकूर आणि आकड्याची गल्लत झाली की इशारा देतं. नवी मुलं 'इंट' लावतात, इशारा जातो, ती खूश होतात.

"वजन किती आलं?" मी विचारते.

"इशारा गेला की," म्हणत ती पडद्याकडे बोट दाखवतात.