शेऱ्याचा रकाना

मला राग पटकन येतो. घरच्यांना ठाऊक आहे, वाचनालयात येणाऱ्यांनाही. पण त्या दुपारी मी जे बोलले ते रागानेसुद्धा नव्हतं, नुसत्या कंटाळ्याने होतं. म्हणून ते जास्त टोचतं.

आमचं वाचनालय अंबरनाथला. दोन खोल्या, एकवीस कपाटं आणि पगारी माणसं दोनच, ग्रंथपाल सर आणि मी. सर मोरिवलीचे. बाविसाव्या वर्षी इथे लागले ते इथलेच झाले. दाखल रजिस्टरात जवळजवळ सगळं अक्षर त्यांचं. आमच्याकडे विकत घेतलेली पुस्तकं थोडी, भेट आलेलीच जास्त. सरांच्या वस्तीतली बौद्ध घरं जयंतीला हारतुऱ्यांऐवजी पुस्तकं आणून देत. कुणी वडिलांच्या स्मृतिदिनाला देई, कुणी पोरगी पास झाली म्हणून. रजिस्टरात अशा पुस्तकापुढे एकच शब्द, 'भेट'. शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद, त्यात आणखी काय मावणार? कुणी दिलं, का दिलं, ते सगळं सरांच्या डोक्यात.

मग कमिटीने सगळं ऑनलाइन करायचं ठरवलं. शिकवायला उल्हासनगरहून एक बाई आल्या, त्याही एकच दिवस. निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आणि बोलण्याला ब्रेक नाही. "सर, ही लिंक सरावाची. इधर कुछ भी करो, काही बिघडत नाही. शिकून झालं की ही दुसरी वापरायची, असली वाली." दोन्ही लिंक त्यांनी माझ्या मोबाइलवर पाठवल्या. सरांच्या कॉम्प्युटरवर मी सरावाची उघडून दिली. वाचकांची माहिती मी भरायची आणि पुस्तकांची सरांनी, अशी वाटणी झाली. देवघेव तोवर रजिस्टरवरच चालणार होती. सरांना रिटायर व्हायला तेव्हा सात महिने उरले होते.

सुरुवातीला सरांनी माझा जीव खाल्ला. कर्सर कुठे गेला, मराठी का उमटत नाही, हे इंग्रजीत काय विचारतंय. दर पाच मिनिटांनी, "मॅडम, जरा येता का?" मी जायची, पण कपाळाला आठ्या घालून. त्या त्यांना दिसत असणार, कारण पुढे पुढे ते हाक मारायच्या आधी खाकरायला लागले.

एका दुपारी मी फोनवर बदलापूरच्या आमच्या सोसायटीच्या टँकरवरून भांडत होते. सर खाकरले. "मॅडम, सराव झाला असं वाटतंय. आता खरं कुठे भरायचं?" मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "अहो, तेच आहे सर, चालू द्या." आणि पुन्हा टँकरवाल्याकडे वळले.

त्यानंतर सरांनी मला फारशी हाक मारलीच नाही. त्यांना शेऱ्याचा रकाना सापडला होता. स्क्रीनवर तो लिहाल तेवढा वाढत जायचा. "रजिस्टरात जागाच नव्हती हो," ते मला म्हणाले. "मी गेल्यावर ही पुस्तकं कुणी दिली ते कोण सांगणार होतं?" जाण्याआधी सगळं लिहून ठेवायचं, हा त्यांनी ध्यास घेतला. दोन बोटांनी टाइप करत एकेका पुस्तकाची हकीकत लिहायचे. डबा अर्धा तसाच राहायचा. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे एक मास्तर भाताच्या गोणीत घालून पुस्तकं घेऊन आले होते, तर सरांच्या नोंदीत ती गोणीसुद्धा आली. कॉम्प्युटरला हात लावायला घाबरणारा माणूस सकाळी माझ्याआधी येऊन बसू लागला. मला बरं वाटायचं. चला, डोक्याचा ताप गेला एकदाचा.

एकदा मात्र त्यांनी मुद्दाम बोलावलं. "हे वाचा." एका जुन्या शब्दकोशाची नोंद होती. सरांनी लिहिलं होतं, 'आनंदनगरच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आले. हाताला ऑइल होतं म्हणून पुस्तक पेपरात धरून आणलं. म्हणाले, माझी मुलगी पदवीधर झाली, आता हे दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांना होऊ दे.'

वर देणाऱ्याचं नाव होतं. ते माझे बाबा. माझा तो शब्दकोश त्यांनी रद्दीत घातला असं मी धरून चालले होते, आणि त्यावरून त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. त्यांनीही कधी खुलासा केला नाही. माणूस मानी होता. कपाटातलं ते पुस्तक मी रोज पुसत होते. बायंडिंग बदललेलं, पहिली पानं गेलेली, मला ओळखूच आलं नव्हतं. मी तो शेरा दोनदा वाचला, डोळे भरले आणि खुर्चीवर जाऊन बसले. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक लाल पट्टी होती. ती मी तेव्हा पाहिली नाही.

सरांचा शेवटचा महिना लागला. एका सकाळी सर म्हणाले, "मॅडम, माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं वाटतं." जाऊन पाहिलं तर खाली एकही नोंद उरली नव्हती आणि वर ती लाल पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हे फक्त सरावासाठी आहे. मी बाहेर जाऊन त्या बाईंना फोन लावला. "अरे मॅडम, वो तो ट्रेनिंग वाला था ना. सहा महिने झाले म्हणून साफ केला. त्याचं बॅकअप नाही ठेवत."

आत आले तेव्हा सर माउसवर हात ठेवून तसेच बसले होते. मी सांगितलं.  ते उठून पाणी प्यायले.

संध्याकाळी कमिटीचे सेक्रेटरी आले आणि सरांना वाचकांसमोर नाही नाही ते बोलले. एवढी वर्षं पुस्तकांत काढली आणि एक ओळ वाचता आली नाही? सर म्हणाले, "माझंच चुकलं. पट्टी होती, मी बघितली नाही." एरवी माझ्या जिभेला हाड नाही. त्या वेळी मी मूग गिळून बसले. माझी अजून अकरा वर्षं नोकरी होती. माझं ते 'तेच आहे सर' त्यांना आठवत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. हे मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

शाल-श्रीफळ देऊन सरांना निरोप दिला. वाचकांची माहिती मी जिथे भरली होती त्या खऱ्या लिंकवर पुढे वर्षभर सगळी पुस्तकंही मीच भरली. शेऱ्यात लिहीत गेले, भेट, भेट, भेट.

गेल्या महिन्यात मोरिवलीला त्यांच्याकडे गेले. लॅपटॉप घेतला होता, पिशवीत तो शब्दकोश होता. सरांकडून आठवेल तेवढं लिहून घ्यायचं आणि माझी चूक कबूल करायची, असं ठरवून गेले होते. सरांना आनंद झाला. चहा झाला. मी एकेक पुस्तक विचारत गेले आणि सर नाही नाही अशी मान हलवत राहिले.

"कुठेच लिहिलेलं नव्हतं ना, म्हणून इतकी वर्षं धरून ठेवलं होतं," ते म्हणाले. "एकदा लिहून काढलं आणि सुटलो. आता आठवायला जातो तर हाताला काही लागत नाही."

मी शब्दकोश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. मग चेहरा उजळला. "हा आठवला. हा त्या धरणाकडच्या मास्तरांचा. गोणीतून आला होता. लिहा, लिहा."

नाही हो सर, हा माझ्या बाबांचा, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं, आणि मग तो पुसला गेलेला शेरा, ती दुपार, तो टँकर, सगळंच सांगावं लागलं असतं. सर माझ्या बोटांकडे बघत होते. इतक्या पुस्तकांतून एक तरी आठवलं म्हणून खूश होते.

मी मास्तरांचं नाव टाइप केलं आणि सेव्ह केलं.