जवाईबापूंचे इंडिकेटर

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मोटारसायकलमधलं सगळं कळतं, असा त्याचा स्वतःचा समज आहे. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस मी इतक्या जवळून दुसरा पाहिलेला नाही. समोर मी त्याला अहोजाहो करते. इथे तेवढं सोसायचं काही कारण नाही.

अधिकाच्या महिन्यात तो आणि ताई रायपूरला धोंड्याच्या जेवणाला आले. आई गेल्यापासून असले मानपान माझ्याच गळ्यात असतात. अनारसे मीच तळले, निम्मे तुपात विरघळले, उरलेले जवाईबापूंच्या ताटात गेले. तुडुंब जेवून तो अंगणात आला आणि बाबांच्या जुन्या गाडीकडे बघून नाक मुरडलं.

"बाबा, काय हे पिवळे बल्ब? राजधानीत राहता ना तुम्ही आता?"

राजधानी झाल्यापासून आमच्या शहरात ज्याला त्याला चकाकी हवी होती, याला तर पाहुणा असूनही. तो पंडरीच्या बाजारात जाऊन एलईडी घेऊन आला, चारही इंडिकेटर बदलले आणि चांगले चालते बल्ब कचऱ्यात टाकले. बटण दाबलं तर दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकायला लागले.

"भाऊजी, इतकं फास्ट?" मी विचारलं.

"एलईडी फास्टच राहते. तुले नाही समजायचं."

बाबांना समजत होतं. त्यांचं आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलं. इंडिकेटर घाईघाईने लुकलुकला म्हणजे एक बल्ब उडाला, हे तर कोणत्याही गाडीवाल्याला ठाऊक असतं. पण जावयापुढे बाबा मूग गिळून बसले. वर म्हणाले, "वा, लय दुरून दिसते!" मला त्यांचीही कीव आली.

बाबा रोज सकाळी गाडीवरून स्टेशनजवळच्या टपरीवर जात. तिथे त्यांचे रेल्वेतले जुने सोबती चहाला जमत. आईनंतर त्यांना घराबाहेर काढणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. आता चौकाचौकात कोणी ना कोणी ओरडायचं, "चाचा, बल्ब उड़ गया आपका!" टपरीवर तर थट्टेला ऊत आला: सिग्नलवाल्याचाच सिग्नल बिघडला. खोटा सिग्नल दाखवत फिरायची बाबांना मनापासून लाज वाटत होती. आठवडाभरात त्यांनी जाणं सोडलं. स्टेशन आमच्या घरापासून लांब, आणि ऑटोत बसणं त्यांना जमत नसे. ते ओसरीवर एकच पेपर पुन्हा पुन्हा वाचत बसायचे.

"मग काढून टाका ना ते दिवे," मी म्हटलं.

"जवाईबापूंनी लावले आहेत ना बेटा."

जसे काही देवानेच येऊन लावले होते.

दोष साधा होता. दिवे लुकलुकवणारी जी छोटी डबी असते, तो फ्लॅशर, जुन्या बल्बच्या हिशोबाचा होता. एलईडी वीज इतकी कमी खातो की फ्लॅशरला वाटतं, बल्ब गेला. एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवला की झालं. हे मी फोनवर पाच मिनिटांत वाचलं. भाऊजींच्या हातातही दिवसभर फोनच असतो. दुकानात विचारलं तर दुकानदारही म्हणाला, "हव दीदी, फ्लॅशर बदल दो." रविवारी मी गाडीचं बाजूचं झाकण उघडलं, जुनी डबी ओढून काढली, तिथेच झाकणाआड ठेवली, नवी लावली. आधी तारा उलट्या लागल्या, दिवे लुकलुकेचनात. मग सुलट्या केल्या आणि इंडिकेटर शहाण्यासारखा चालू लागला. बाबांनी लगेच किल्ली घेतली. गाडी काढून गेले ते दुपारी गोल बाजारातून चहाची नवी गाळणी घेऊन परतले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना पुन्हा चहा करून दिला.

दिवाळीला ती दोघं आली. भाऊजींनी मोठ्या कौतुकाने आपल्या कामगिरीचं बटण दाबलं.

"हे स्लो कोणं केलं?"

"मी. तुम्ही फ्लॅशर बदलायचा विसरले होते, भाऊजी."

त्याचा चेहरा पडला. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणून मी मजेत वाट पाहत होते. पण तो ताईकडे वळून म्हणाला, "चाल, बॅग भर. इथं आपलं काम चुकते म्हणे."

ताई फराळाचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. बाबा लगबगीने गाडीपाशी खाली बसले. झाकण उघडून त्यांनी स्वतःच्या हाताने माझा फ्लॅशर काढला आणि जुना लावला. "पोट्टीले काय समजते जवाईबापू? पाहा, झालं पहिल्यासारखं." दिवे पुन्हा पिसाळले. भाऊजी हसला, जेवायला बसला आणि दोनदा श्रीखंड मागून घेतलं.

निघताना ताईने मला फाटकापाशी ओढलं. "काहून बोलली वं तू? आता वाटभर मलेच ऐकावं लागते." मी तिला मनातल्या मनात नेभळट म्हटलं.

ती गेल्यावर मी नवा फ्लॅशर घेऊन पुन्हा गाडीपाशी बसले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "संक्रांतीले येतीन ते."

"मग टपरीवर कसे जाल?"

"नाही जात."

"बाबा, इतके काय भिता हो त्या माणसाला?" मी ओरडलेच.

बाबांनी माझ्या हातातून फ्लॅशर घेतला, खिशात टाकला.

"मी घरी बसलो तर काय बिघडते? तुह्या ताईले त्याच्याच घरी राहाचं आहे."