हात लाव

कॅन्सरचे उपचार संपले आणि घरच्यांनी मला अंगणातली खुर्ची नेमून दिली. ऊन खायचं, पोथी वाचायची, वाचलो म्हणून देवाचे आभार मानायचे. मला आभार मानायचे नव्हते. ऐन चाळिशीत माझं अर्धं अंग पोखरून टाकणाऱ्या महादेवाला मला जाब विचारायचा होता, तोही त्याच्या घरी जाऊन. हिमालयात, पौषातल्या बर्फातून, माझं सामान माझ्याच पाठीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सराव करा. दादाने मात्र एका वाक्यात निकाल लावला.

"कायले चालली मराले? देव का इथं नाही?"

"इथला ऐकत नाही," मी म्हटलं.

गोंदियातून बूट आणले, लोकरीचे मोजे आणले. सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या कोंबल्या आणि रोज सकाळी फुलचूरच्या रस्त्यावर चालू लागले. तांदूळ विकायला नेतेस का, असं शेजारणी विचारायच्या. महादेवाचा शिधा आहे, म्हणायची मी. शेवटी दादाने अट घातली. इटियाडोहच्या धरणाची चढण सॅक न उतरवता चढून दाखवायची. उतरवली, की तिकीट रद्द. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणणं मला जमतच नाही.

अर्ध्या वाटेत पाय गळाले. ऑपरेशनच्या बाजूला पट्टा असा रुतला, की डोळ्यांत पाणी आलं. सॅकसकट मी बसले आणि मग उठताच येईना. खाली मोटारीपाशी उभा असलेला दादा वर यायला निघालेला दिसला. मला संताप आला. थांबवायचंच होतं तर वाचवलंस कशाला, असं मी महादेवाला चांगलं मोठ्याने विचारलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन बसून राहिली वं? हात लाव जरा."

सरपणाची मोळी जमिनीवर टेकवून एक म्हातारी उभी होती. जड ओझं एकट्याने डोक्यावर जात नाही, दुसऱ्याचा हात लागतो. आणि आमच्याकडे कुणी 'हात लाव' म्हटलं, की नाही म्हणायची रीत नाही, मग तो वैरी का असेना. माझंच मला उचलवत नव्हतं आणि हिला माझा हात हवा होता! तरी मी गुडघ्यांवर आले, दात आवळले, मोळीला हात घातला. मोळी तिच्या डोक्यावर बसली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी उभी होते.

एका हाताने मोळी सावरत तिने दुसरा हात क्षणभर माझ्या सॅकखाली लावला. "चाल आता," म्हणाली आणि आपल्या वाटेने उतरून गेली. ती कोण होती, मी विचारलं नाही. कुणाची तरी आई असेल. तिच्या सरपणाची साल माझ्या स्वेटरला चिकटली होती, एवढं खरं.

मी वर पोहोचले. मागोमाग दादा आला, धापा टाकत.

"गाडी कितीची हाय?" त्याने विचारलं.

उद्या निघते आहे. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी आजवर समजत होते. त्या चढणीवर मी हरले नाही, पण एकटीने जिंकलेही नाही, आणि याचं मला आता अजिबात वाईट वाटत नाही. महादेवा, उठवलंस, त्याबद्दल मनापासून आभार. भांडायला मात्र मी येणारच आहे. हात जोडून भांडेन, एवढंच.