चौकट जागेवर, फोटो गायब

दोहातली ती चौकशी आजही मला काल झाल्यासारखी आठवते. तशी ती माझ्या सरकारी नोकरीतली केस नव्हे. महाराष्ट्र पोलीस दलातून वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढण्यापलीकडे काम उरलं नाही, तेव्हा तिनेच पुढाकार घेऊन मला कतारला धाडलं. तिथल्या एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून मी रुजू झालो. फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी ऐन भरात होती. स्टेडियम, मेट्रो, रस्ते, सगळं एकदमच खणून ठेवलेलं. काल ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो तो आज जागेवर असेल याची खात्री नसे.

माझं काम सळया, केबल आणि डिझेल जागेवर ठेवण्याचं. अंगावर कंपनीचा निळा गणवेश, खांद्यावर पट्ट्या. पण कोठडी नाही, पंच नाहीत, स्टेशन डायरी नाही. कुणाला समन्स काढता येत नाही की कुणावर आवाज चढवता येत नाही. होतं ते डोकं आणि इतक्या वर्षांची सवय. मला तेवढं पुरे होतं.

त्या उन्हाळ्यात एके सकाळी आमच्या पर्सोनेल मॅनेजरचा फोन आला. पोरगा मुंबईचा, हुशार आणि तितकाच उतावळा.

"सर, मोठ्या साहेबांच्या व्हिलात चोरी झालीय. ड्रायव्हरने केलीय. एकदम ओपन अँड शट केस."

"तू पाहिलंस का?"

"नाही, पण टिप आहे ना! रविवारी आठवडा सुरू झाला की पोलिसांत देऊन टाकू. खलास."

मोठे साहेब म्हणजे आमचे प्रोजेक्ट डायरेक्टर. तुर्कस्तानचे, साठी ओलांडलेले, कमी बोलणारे इंजिनियर. दोहातल्या मदिनत खलीफा वस्तीत कंपनीने त्यांना व्हिला दिला होता. बायको वारलेली, सोबत विधवा थोरली बहीण राहायची. तिला सगळे 'अब्ला' म्हणत. तुर्कीत अब्ला म्हणजे ताई. चोरीला गेला होता दिवाणखान्यातला एक जुना, काळापांढरा फोटो. तळहाताएवढा.

मी आधी जागा पाहिली. चौकट भिंतीवर तशीच होती आणि ती चांदीची होती. काचेवर ओरखडा नव्हता. पाठीमागचे बारीक खिळे एका बशीत नीट काढून ठेवलेले. चांदी सोडून कागद नेणारा आणि खिळे जपून ठेवणारा चोर मी तरी पाहिला नव्हता. असं काम एक तर फोटोची किंमत ठाऊक असलेला माणूस करतो, नाहीतर घरातला.

अब्ला सोफ्यावर बसल्या होत्या, पाठीशी एक छोटी उशी घेऊन. मी आत आलो तशा त्यांनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं, आणि मग कुठेच पाहिलं नाही. विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. साहेब ओशाळून म्हणाले, "तिला इंग्रजी येत नाही. संशयाचं तिला काही सांगितलेलं पण नाही. ड्रायव्हरवर तिचा जीव आहे."

फोटोत कोण होतं, हे मी विचारलं आणि हा अबोल माणूस एकदम बोलू लागला. त्यांचे वडील तुर्कस्तानात खासदार होते, पन्नासच्या दशकात. त्यांच्या पक्षाने निवडणूक जिंकून जुन्या सेनानींच्या पक्षाला पहिल्यांदाच सत्तेवरून खाली आणलं होतं. पंतप्रधान लोकांचे फार लाडके. पुढे त्यांचा कारभार कडक झाला, टीका करणारे तुरुंगात जाऊ लागले. साहेब तेही लपवत नव्हते. शेवटी लष्कराने सत्ता घेतली. त्या पक्षाच्या सगळ्या खासदारांना एका बेटावर नेऊन खटले चालवले. पंतप्रधान आणि दोन मंत्री फासावर गेले. वडील काही वर्षांनी सुटून आले ते पुन्हा कधी मोठ्याने हसले नाहीत.

"फोटोत आमच्या गावच्या धरणाचं उद्घाटन आहे. पंतप्रधान, शेजारी बाबा, आणि पंतप्रधानांचा हात माझ्या डोक्यावर. मी तेव्हा एवढासा होतो. बाबांचा तेवढा एकच फोटो जगात उरलाय. बाकीचे सैनिकांनी अंगणात जाळले."

मला वाईट वाटलं, पण तपासात वाईट वाटून भागत नाही. मी विचारलं, "शेवटचा कधी पाहिलात?"

"टीव्हीवर रणगाडे दाखवत होते तेव्हा."

त्याच महिन्यात तुर्कस्तानात लष्करातल्या एका गटाने पुन्हा सत्ता घेण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला, पण काही तास टीव्हीवर रणगाडे आणि लष्कराचं निवेदन चालू होतं. त्यानंतर साहेब दिवसरात्र फोनवर आणि साइटवर. भिंतीकडे पाहायला फुरसत झाली ती पुढच्या आठवड्यात, तेव्हा चौकट रिकामी.

आता खबर. खबऱ्या दोन गोष्टी सांगतो: काय पाहिलं, आणि त्याच्या मते काय झालं असेल. पहिलीची नोंद घ्यायची, दुसरी ऐकल्यासारखी करायची. दुसऱ्या एका ड्रायव्हरने पाहिलं होतं ते एवढंच, की आमचा ड्रायव्हर नजमा या जुन्या वस्तीतल्या एका कॅफेटेरियात गोऱ्या पाहुण्याबरोबर करक, म्हणजे तिथला कडक दुधाळ चहा, पीत होता. साहेबांकडे येऊन गेलेला हा पाहुणा इस्तंबूलचा, जुन्या वस्तू गोळा करणारा. त्याने साहेबांकडे तो फोटो विकत मागितला होता आणि साहेबांनी त्याला जवळजवळ दाराबाहेर काढलं होतं. पुढचं सगळं खबऱ्याने आणि मॅनेजरने मिळून रचलं होतं.

ड्रायव्हरला मी शहराबाहेर बिरकत अल अवामेरला असलेल्या कामगार कॅम्पमधल्या माझ्या केबिनमध्ये बोलावलं. रत्नागिरीकडचा मुसलमान गृहस्थ, चाळिशी उलटलेला, साहेबांकडे बरीच वर्षं. गाडी चालवायची, बाजारहाट करायचा, अब्लांना सगळीकडे न्यायचं-आणायचं. त्या नादात चुलीपुरती तुर्की त्याला येऊ लागली होती. मी मराठीत बोललो तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

"नजमात त्या पाहुण्याला का नेलंस?"

"नेलाच नाय, साहेब."

"बरं. मग कॅफेटेरियावाल्यालाच विचारतो. तुझा मावसभाऊ ना तो?"

त्याने मान खाली घातली. "नेला. त्याला करक प्यायचा होता. कंपनीची गाडी नजमात न्यायची नाय असा रूल हाय, म्हणून खोटं बोललो. फोटोचं त्याने इचारलंन. मी सांगितलं, तो इकायचा नाय."

हे मला पटलं. माणूस मोठा गुन्हा लपवताना जपून बोलतो; बेधडक खोटं बोलतो ते असल्या फुटकळ चुकांसाठी.

"मग फोटो कुणी घेतला?"

इथे तो गप्प झाला. 'माहीत नाय' असंही म्हणाला नाही. मी पाणी दिलं, घरची चौकशी केली, पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. शेवटी मी सरळ सांगितलं, "रविवारी तुला पोलिसांत देणार आहेत. मग प्रवासबंदी, चौकशी आणि शेवटी डिपोर्ट. पुन्हा गल्फचं तोंड दिसणार नाही."

"ठाऊक हाय. ईदनंतर पोरीचा निकाह ठरलाय, साहेब. आमच्या गावात घरटी एक माणूस गल्फात. माझं इमान उतरायच्या आधी गावात सगळ्यांना कळंल, बाप चोरी करून आला म्हणून. सासरचे मोडतील."

"मग बोल ना, बाबा!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. खरं सांगतो, मी चिडलो. मात्र एक गोष्ट पक्की झाली. चोर असा गप्प बसत नाही. तो काहीतरी रचून सांगतो. हा कुणाला तरी वाचवत होता, आणि त्या घरात वाचवण्यासारखं माणूस एकच होतं. मला अब्लांची माझ्या खांद्यांवर खिळलेली नजर आठवली. गणवेश पाहून अशा गोठलेल्या बायका मी नोकरीत अनेक घरांत पाहिल्या होत्या. रणगाडे दिसले आणि फोटो नाहीसा झाला, ही सांगड मी तिथेच घातली.

शुक्रवारी सुट्टी. नमाजानंतर मी साधा शर्ट घालून, पायात चपला अडकवून व्हिलावर गेलो. साहेबांना घरात थांबायला सांगितलं, पण मधे बोलू नका म्हणालो. दुभाषा म्हणून ड्रायव्हरलाच बसवलं. आरोपीच दुभाषा, असा तपास माझ्या हातून पहिल्यांदाच होत होता!

अब्लांनी आधी माझ्या हातावर कोलोनचं सुगंधी पाणी ओतलं, तशी त्यांच्याकडे पाहुण्यांची रीतच आहे, आणि मग चहा दिला. मागच्या वेळी यातलं काहीही मिळालं नव्हतं. त्यांनी काहीतरी विचारलं.

"इचारतात, तुम्ही सैनिक काय?" ड्रायव्हर म्हणाला.

"सांग, नाही. म्हातारा पेन्शनर आहे."

त्या किंचित हसल्या. मी माझ्या बायकोबद्दल, मुलांबद्दल बोललो, त्यांच्या गावच्या धरणाबद्दल विचारलं. ड्रायव्हर इकडचं तिकडे नीट पोचवत होता. मग मी आवाज न बदलता म्हणालो, "त्यांना सांग, फोटो चोरल्याबद्दल रविवारी तुला पोलिसांत देणार आहेत."

तो थांबला. मग त्याने तुर्कीत एक वाक्य म्हटलं आणि अब्लांनी हसून माझ्या कपात आणखी चहा ओतला.

तुर्की मला येत नाही. पण पोलिसाला तुर्कीतही पोलीसच म्हणतात, एवढं साइटवर राहून कळलं होतं, आणि त्या वाक्यात तो शब्द आला नव्हता.

"काय सांगितलंस रे?"

"सांगितलं, चहा चांगला झालाय," तो पुटपुटला.

मग दुभाषा बाजूला ठेवला. मी अब्लांकडे पाहून भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे बोट केलं, मग ड्रायव्हरकडे, "पोलीस" म्हणालो, आणि माझी दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली.

अब्लांच्या हातातली किटली बशीवर आपटली. त्या ड्रायव्हरकडे वळून भराभरा काही विचारू लागल्या. तो नुसती मान हलवत होता, काही नाही, काही नाही. त्या उठल्या. पाठीमागची उशी पुढे घेतली, शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि एक बाजू उसवली. आतल्या लोकरीतून, कापडात गुंडाळलेला तो फोटो निघाला. बाजाराला, दवाखान्याला, समुद्रावर, अब्लांच्या पाठीशी बसून तो दोहाभर हिंडत होता. उशी घरातून गाडीत आणि गाडीतून घरात रोज ड्रायव्हरच नेत होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हाताला लागलं होतं. अब्लांनी तोंडावर बोट ठेवलंनी, म्हणून कुणाला बोललो नाय."

"अरे, पोरीचा निकाह मोडला असता!"

"दुसरीकडं जमला असता, साहेब. या घाबरतात हो. सैनिक आले असं वाटून रात्ररात्र जाग्या असतात. तुम्ही गणवेशात येऊन उशी फाडली असतीत, तर म्हातारी तिथंच बसल्या जागी गेली असती."

साहेब आतापर्यंत दारात उभे होते. ते बहिणीजवळ येऊन बसले आणि त्यांनी तिला एक प्रश्न विचारला. तिने हळू आवाजात उत्तर दिलं. साहेबांनी तोंड ओंजळीत लपवलं. मी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"ते घरातलं हाय, साहेब. राहू दे."

अर्थ मला साहेबांनीच सांगितला, मला पोचवायला फाटकापर्यंत आले तेव्हा. बाहेर उन्हाची नुसती भट्टी पेटली होती, पण त्यांना आत जायचं नव्हतं.

"मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू सांगून टाकतोस."

त्या पहिल्या वेळी लष्कर आलं तेव्हा त्यांच्या आईने सगळे फोटो उशांमध्ये शिवले होते. झडतीला आलेल्या अधिकाऱ्याने घरातल्या पोराला, म्हणजे साहेबांनाच, मांडीवर घेतलं, गोड बोलून विचारलं, आणि पोराने आपल्याला किती माहीत आहे या आनंदात एकेक उशी दाखवली. हा एक फोटो बहिणीने आपल्या पोलक्यात लपवला म्हणून राहिला. त्यावरून घरात त्यांना कुणी कधी एक शब्द बोललं नाही.

"हजारो माणसं माझ्या हाताखाली आहेत," साहेब म्हणाले. "तिच्यासाठी मी अजून त्याच मांडीवर बसलेलो आहे."

मी त्यांचा हात धरून उभा राहिलो, एवढंच.

शनिवारी मी अहवाल दिला: वस्तू घरातच सापडली, चोरी झालेली नाही, तक्रार निकाली. मॅनेजरने तपशील विचारला. म्हटलं, तपशील घरातला आहे. तो हिरमुसला, पण रविवारी ड्रायव्हरची माफी मागायला मी त्याला कॅम्पवर पाठवलंच.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. माणसाला बोलतं करणं हे माझं कसब, आणि त्याचा मला अभिमान आहे, आजही. पण गप्प राहणाऱ्याकडे मी नेहमी फक्त संशयानेच पाहत आलो होतो. त्या चौकशीनंतर मी नव्या सुरक्षारक्षकांना शिकवताना सांगू लागलो, की समोरचा गप्प असेल तर तो काय लपवतोय हे नंतर शोधा. आधी तो कुणासाठी लपवतोय ते पाहा.

ईदनंतर ड्रायव्हर रजेवर निघाला, परतीचं तिकीट खिशात घेऊन. विमानतळावर मीही गेलो होतो. गाडी साहेबांनी स्वतः चालवली. हा शेजारच्या सीटवर अवघडून बसला होता. तुर्कस्तानात नवरीच्या अंगावर लाल रिबिनीत सोन्याचं नाणं टाचतात. अब्लांनी ते आणलं होतं. आता नवरी होती रत्नागिरीला, म्हणून त्यांनी ते बापाच्याच शर्टावर, छातीवर टाचलं आणि बजावलं, घरी पोचेपर्यंत काढायचं नाही.

मी म्हटलं, "अरे, खिशात ठेव, लोक हसतील."

"हसू देत," तो म्हणाला, आणि छातीवरची ती लाल रिबीन मिरवत तो गाववाल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.