शेवंताक्कांनी केलेली जमीन

माझ्या ज्या कामाचं सगळ्यात जास्त कौतुक झालं, ते मी केलेलंच नाही.

ते शेवंताक्कांनी केलं. त्या आज सकाळी गेल्या.

मुठा गावातला आमचा कलामंच तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. मातीच्या भिंती, बांबूचं छप्पर. आठवडाभर माझी मैत्रीण मधुरा तिथे कथक शिकवते, रविवारी गावाचं भजनी मंडळ बसतं.

डिझाइन माझं. जमीनसुद्धा मातीचीच करायची, हा हट्टही माझाच.

सिमेंटवर नाचून नाचून मधुराचे गुडघे गेले होते. मी पुस्तकं वाचली होती, वर्कशॉप्स केली होती. मला वाटायचं, आपल्याला माती कळते.

पहिली जमीन तडकली.

उकरून दुसरी केली. तीही तडकली. भेगेत बोट जाईल अशी.

मधुराला मारुंजीतली भाड्याची जागा महिनाअखेरीला सोडायची होती. ती म्हणाली, "अगं, गुडघ्यांचं बघू पुढे. लादी टाक. निदान क्लास तरी सुरू होऊ दे."

मी हरले. दुसऱ्या दिवशी साइटवर जाऊन मिस्त्रींना सांगितलं, लादी मागवा.

तेव्हा मागून आवाज आला. "ही माती जमिनीची न्हाईच, म्याडम."

डोक्यावरची पाटी खाली ठेवून एक साठीच्या बाई उभ्या होत्या. शेवंताक्का. दोन महिने आमच्याकडे रोजानं माती वाहत होत्या. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

मी चिडलेच. "मावशी, मग इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं व्हय?"

मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही.

आक्कांनी आम्हाला बांधावर नेलं, जुनी वारुळं दाखवली. "ही घ्या. चिकट हाय, फुटायची न्हाई." माती चाळायला लावली. भाताचा तूस, शेण घालून दोन दिवस भिजत ठेवली. तिसऱ्या दिवशी आपल्या आळीतल्या सात-आठ बायका घेऊन आल्या, प्रत्येकीच्या हातात जमीन ठोकायचं लाकडी चोपणं.

मधुराच्या क्लासच्या मुलींना म्हणाल्या, "नाचनार तुमी ना? मंग तुडवा."

मुलींनी लेगिंग्ज गुडघ्यापर्यंत सरकवल्या आणि उतरल्या चिखलात.

मग चार दिवस नुसतं चोपणं. थोडं वाळलं की पुन्हा चोपायचं. मी सारखी वाकून भेग शोधत होते, तर ओरडल्या, "म्याडम, मोबाइल हाय का त्यो, घडीघडी बघायला? व्हा बाजूला!"

भेग पडली नाही.

एकसुद्धा नाही.

वाळल्यावर मधुरा घुंगरू बांधून उभी राहिली. दहा मिनिटं नाचली, मग थांबली आणि तिथेच खाली बसली. मला वाटलं, गुडघा दुखावला.

ती रडत होती. म्हणाली, "दुखतच नाहीये गं."

पुढे या कामाला पुण्यात एक पुरस्कार मिळाला. मी आक्कांना स्टेजवर घेऊन गेले. निवेदकानं विचारलं, "आजी, या जमिनीचं रहस्य काय?"

आक्का म्हणाल्या, "रहस्य कसलं? दरसाल सारवायला लागतंय. ते कोन करनार, ते ह्या म्याडमला इचारा."

हॉल हसला. इतक्या ड्रॉइंग्जमध्ये मी तो विचारच केला नव्हता.

तो प्रश्न त्यांनीच सोडवला. दरवर्षी दिवाळीनंतर एक रविवार. भजनी मंडळ, कथकच्या मुली, त्यांचे आईवडील आणि मी. कमरेला ओचा खोचून आक्का पुढे. आयटीतल्या बाबांनासुद्धा त्यांनी शेण कालवायला लावलं. "हात धुतला की जातंय वो साहेब, भिताय काय!"

एकदा आर्किटेक्चरच्या मुलांना शिकवायला त्यांना बोलावलं. फॉर्मवर पद लिहायचं होतं. मी लिहिलं, 'तज्ज्ञ सल्लागार'.

"म्हंजी काय?"

"म्हणजे तुम्ही सांगाल तसं आम्ही करायचं."

"मंग लिवा," म्हणाल्या.

त्या दिवसापासून नव्या साइटवर मी ड्रॉइंग उघडायच्या आधी पाटी उचलणाऱ्या बायकांशी बोलते. काही चुकत असेल तर सांगा म्हणते. दोनदा माझी मोठी चूक टळलीय.

यंदा आक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. सारवणाला येता आलं नाही. सुनेनं त्यांना व्हिडिओ दाखवला, तर बघून म्हणाल्या, "दाराजवळचा कोपरा ऱ्हायलाय."

खरंच राहिला होता. मधुरानं आणि मी जाऊन त्याच दिवशी सारवला, फोटो पाठवला.

सुनेचा फोन आला. "आत्या म्हनत्यात, आता बराबर हाय."

त्यांचं माझ्यासाठीचं ते शेवटचं वाक्य.

आज घाटावर गावातल्या बायका होत्या, कथकच्या मुली होत्या. मधुरा होती.

मला कॉलेजात पाच वर्षं खूप जणांनी शिकवलं, आक्का. माती तुम्ही शिकवलीत.

शेवंताक्कांना माझा साष्टांग नमस्कार आणि अखेरचा निरोप.