माझंच बोलणं, पडद्याच्या तोंडून

टाळ्या वाजत होत्या आणि मी माइकची वायर धरून उभी होते. वायर सैल होती. दाबून धरली की आवाज यायचा. कार्यक्रम कुठलाही असो, बाईमाणूस दिसलं की तिच्या हातात वायर नाहीतर चहाचा ट्रे देतात.

चिखलीतल्या आमच्या शाळेचा हॉल. समोर नवा पडदा, पडद्यावर ‘ताई’. कृत्रिम बुद्धिमत्तेची शिक्षिका. ती पोरांना म्हणाली, “पोरायहो, डब्बा उघडाचा नाही. हालवून पाहा. आन् मंग इचारा.”

हे वाक्य माझं होतं. अक्षरन् अक्षर माझं.

पुण्याहून आलेले पाहुणे खूश झाले. म्हणाले, “वा! काय मातीतली भाषा आहे!”

याच भाषेसाठी संस्थेच्या अध्यक्षांनी मला सातवीच्या वर्गासमोर उभं केलं होतं. “मॅडम, हे मले-तुले घरी ठेवून येत जा. पालक फी भरतात ती पोरांना गावठी करायला नाही.” पोरं हसली. मीपण हसले. तासिका तत्त्वावरच्या बाईला राग परवडत नाही. काही दिवस पुस्तकी बोलून पाहिलं. वर्ग पेंगायला लागला. मग पुन्हा आपल्या बोलीवर आले.

आमच्याकडे पोरी भुलाबाई बसवतात. तिची गाणी झाली की खिरापत येते, झाकलेल्या डब्यात. ज्या घरची खिरापत, त्या घरची पोरगी डबा हलवते. बाकीच्यांनी ओळखायचं. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? मी विज्ञानाचा तास असाच सुरू करायची. जे दिसत नाही ते प्रश्न विचारून पकडायचं. मग वर्गात कॅमेरा लागला. सुरक्षेसाठी, असं सांगितलं. वर्षभर तो माझं शिकवणं पीत राहिला, आणि मी वेडी त्याच्यासमोर पदर नीट करत राहिले.

त्या दिवशी हॉलमध्ये एका मुलीनं पडद्यासमोर डबा हलवला. ताईनं दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाली, “फुटाने!” फुटाणेच निघाले. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. ती चुकली असती तर माझ्या जिवाला थंडावा मिळाला असता. चुकली नाही.

खोटं कशाला सांगू, मी जळत होते. सवत आली तरी बाई एवढी जळत नसेल. सवतीला निदान शिव्या तरी घालता येतात. ताईच्या तोंडी ‘मले’ शोभा झालं, माझ्या तोंडी लाज होतं. माझ्या तासाला ढिम्म बसणारी पोरंसुद्धा “ताई मी, ताई मी” करत उड्या मारत होती. त्या उड्या मला हव्या होत्या. त्या टाळ्याही.

तेवढ्यात अध्यक्षांनी मला वायरीसकट पुढे बोलावलं. “ह्या आमच्या मॅडम, डोणगावकडच्या. येत्या रविवारी त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना घेऊन येणार आहेत. भुलाबाईची सगळी गाणी ताईला शिकवायची. चहा-नाश्त्याची सोय केली आहे.”

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्या बायांच्या तर कानावरही नव्हतं. त्यात माझी आई होती.

आणि तिथं माझी आग जागेवर आली. पडद्याला माझं बोलणं दिलं कुणी? त्याच बोलण्यापायी मला मान खाली घालायला लावणाऱ्या माणसानं. मी इतका वेळ भलतीकडेच जळत होते.

मी वायर सोडली. माइक बंद पडला.

“मी नाही आननार.”

“म्हणजे?”

“त्यायले इचारलं का तुमी? मले तरी इचारलं होतं का?”

अध्यक्ष हसले. “अहो, गाण्यांना काय विचारायचं? ती काय कुणाच्या बापाची आहेत?”

“बापाची नाहीत. मायची आहेत. तिले इचारा.”

या वेळी कुणी हसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात माझे तास कमी झाले. विज्ञान ताईकडे गेलं. मी माझ्या गावच्या महिला सभेत हा विषय मांडला. सरपंचबाईंचे यजमान, जे बाईंच्या आधी बोलतात, म्हणाले, “हा काय सभेचा इषय आहे का?”

आई उठली. “काऊन नाही? पान्याचा इषय सभेत येते. मंग गान्याचा काऊन नाही?”

शेजारची काकू म्हणाली, “मले त वाटते, देऊन टाकाव. माह्या नातीले तरी आयकू येईन.”

बायांचं चांगलंच जुंपलं. शेवटी हात वर झाले. ठरलं ते असं: आधी गावात येऊन सांगा, काय घेणार, कुणाला देणार, नाव कुणाचं लावणार. आमच्या बोलीत सांगा. मग द्यायचं की नाही ते आम्ही बघू. तोवर एक ओळ मिळणार नाही.

ठराव शाळेत मी स्वतः नेऊन दिला. अध्यक्षांनी तो न वाचता बाजूला सरकवला. त्यांच्याकडून अजून कुणी आलेलं नाही.

मी शाळा सोडलेली नाही. काढायचं असेल तर तोंडावर काढा, कारण सांगून. उरलेले तास मी माझ्याच बोलीत घेते, शेजारच्या वर्गात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पडद्याचा हेवा अजून वाटतो. लोक म्हणतात, मशीनवर काय जळायचं, सोडून द्या. नाही सोडणार. ते माझं आहे म्हणून मी जळते. जळणं थांबलं तर समजा, ते त्यांचं झालं.