चौघांचं हसू

चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात पहिल्या दिवशी माझं ओळखपत्र करून दिलं ते ॲडमिनमधल्या पन्नाशी उलटलेल्या बाईंनी. आडनाव वाचून त्या थबकल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "बैस बाळा. जेवलास कीं?"

घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. नवरा वारलेला, मुलगा-सून घरात तमिळच बोलायचे. "तुझ्यासंगें बोलतें म्हणून माझी मराठी जित्ती आहे," असं त्या म्हणायच्या. वर्षभर रोज दुपारी मी त्यांच्या टेबलाशी पाच मिनिटं उभा राहायचो. परक्या गावात मला कुणी बाळा म्हणत होतं, ते मला हवं होतं.

मग पुण्या-नाशिककडचे तिघे रुजू झाले आणि कँटीनमध्ये आमची चौकडी जमली. एके दिवशी बाई ताकाची बाटली घेऊन थेट आमच्या टेबलाशी आल्या. "ऊन फार. मोर आणलें, बैसून पी बाळा." ताकाला मोर म्हणायला तर आम्हीही शिकलो होतो. पण आमच्यातला एक ताडकन उठला आणि टीव्हीवरल्या ऐतिहासिक मालिकेसारखा मुजरा करून म्हणाला, "बैसा, बैसा! दरबार भरला आहे!"

बाकीच्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले आणि मी हसलो. हसू आलं नव्हतं मला, लाज वाटत होती. एका टेबलावर एकटं पडायच्या भीतीने माणूस इतका हलका होतो? मी झालो. मग सगळेच हसले. बाईंनी बाटली ठेवली आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेलो. मान वर न करता त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "सोल्लुंगा, सर." बोला, सर. तेव्हापासून तेच. माफी मागायला म्हणून रोज जायचो आणि कसला तरी फॉर्म मागून परत यायचो.

पुढे कंपनीच्या बसमध्ये त्या दोघांपैकी एकजण आपणहून म्हणाला, "त्या दिवशी फार वाईट वाटलं रे. माझी पणजी 'बैस'च म्हणायची. पण त्या तुझ्या ओळखीच्या. तूच हसलास, म्हटलं आपण कशाला वाकड्यात शिरा?"

इतके दिवस मनाला समजावत होतो की आधी ते हसले, मी फक्त त्यांच्यामागे गेलो.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी केक कापला, टाळ्या झाल्या. गर्दी पांगल्यावर मी पुढे झालो. "चुकलो मी. एकदा तरी बाळा म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते त्यांचे. मग पर्स खांद्याला लावत त्या हळूच म्हणाल्या, "परवायिल्ले, सर."

असू दे, सर.